चार अक्षरं लिवा की

रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली. कोल्हापुरात ती शोधत फिरावं लागत नाही. दुचाकी जरा वाकडी लावली की भेटतात. पण त्यांचा राग एका चहात विरतो. भूपालअण्णा चौगुल्यांचा राग तसला नव्हता. तो त्यांनी वर्षानुवर्षं ताजा ठेवला होता आणि तो एकाच गोष्टीवर होता. माणसं आंधळ्याला फोटो पाठवतात आणि खाली एक शब्द लिहीत नाहीत, या गोष्टीवर.

सांगायला लागलं की लोक हसतात. "एवढंच?" म्हणतात. एवढंच नाही, म्हणून तर लिहायला बसले आहे.

अण्णांचे डोळे काचबिंदूने कॉलेजात असतानाच गेले. कुरुंदवाडची शेती भावांनी सांभाळली आणि अण्णा एका साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर लागले. निवृत्त झाल्यावर त्यांनी लक्ष्मीपुरीत, मोटार रिवायंडिंगच्या दुकानामागच्या एका खोलीत, अंधांची संस्था काढली. खोलीला दिवसभर वार्निशचा वास. मी तिथे कॉम्प्युटरचं काम बघायला लागले. त्यांनी माझं नाव पहिल्या दिवशी विचारलं आणि नंतर कधी वापरलं नाही. "ओ बाई" एवढ्यावर आमचं भागायचं.

उंच, ताठ माणूस. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. काळा चष्मा त्यांनी कधी लावला नाही. एका समारंभात आयोजकांनी मोठ्या प्रेमाने आणून दिला, तर म्हणाले, "डोळं माझं गेल्यात. तुमास्नी बघवत नसंल तर तुमी मिटा." भाषण संपेपर्यंत तो चष्मा टेबलावर पडून होता आणि आयोजक बिचारा त्याच्याकडेच बघत होता.

घर जैन, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत. हा नेम त्यांनी कुठल्या बैठकीसाठी किंवा कुठल्या मोठ्या पाहुण्यासाठी मोडला नाही. संध्याकाळ झाली की ते खिडकीच्या गजाला हात लावून बघायचे. गज गार लागायला लागला की डबा उघडायचा. पावसाळ्यात गज दिवसभर गारच असायचा, मग मला विचारायचे, "बाई, उजेड हाय का अजून?" मी "आहे" म्हणायची. त्यांच्या तोंडचा हा एकच प्रश्न असा होता की तो विचारताना आवाज मऊ यायचा.

त्यांचा फोन बोलका होता. म्हणजे पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो वाचून दाखवायचा. अंधांच्या फोनात ती सोय असते. अण्णांनी त्याचा वेग एवढा वाढवला होता की आम्हाला तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू यायचं. त्या तडतडीतून ते बातम्या, शासनाचे आदेश, कोर्टाचे निकाल, सगळं टिपून घ्यायचे. चित्र आलं की मात्र फोनची मती खुंटायची. देवाचा फोटो असो, लग्नपत्रिकेचा असो की सरकारी कागदाचा, तो एकच शब्द म्हणायचा : "फोटो." आणि अण्णा पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे फोन लावायचे. "चार अक्षरं लिवा की! बोटं झडल्यात का तुमची?"

एका माजी नगरसेवकाने रोज सकाळी सगळ्यांना गुलाबाचं फूल पाठवायचा सपाटा लावला होता. अण्णा रोज त्याला फोन करून फुलाचा रंग विचारायला लागले. पाकळ्या किती, देठाला काटे आहेत का, दव पडलंय का, सगळं. आठवडाभरात फुलं बंद झाली. निदान आमच्याकडे यायची तरी.

हे गमतीचं झालं. राग कळायला टूलकिटची गोष्ट सांगायला हवी.

सामाजिक संस्थांच्या मदतीसाठी मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांनी चालवलेलं एक पोर्टल आहे. नाव घेत नाही. तिथे जनवकिलीची साधनं फुकट मिळतात. जनवकिली म्हणजे आपल्या लोकांच्या हक्कासाठी सरकारदरबारी आवाज उठवणं. कोल्हापुरात त्याला नुसतं जाब विचारणं म्हणतात. त्या पोर्टलवर अपंगांच्या हक्कांविषयी एक जाडजूड टूलकिट, म्हणजे मार्गदर्शक पुस्तक, होतं. अण्णांनी हौसेने उतरवून घेतलं आणि फोन कानाला लावला. "पान एक. रिकामं. पान दोन. रिकामं." अख्खं पुस्तक म्हणजे पानांचे फोटो.

"बाई, खरंच रिकामं हाय का मलाच दिसंना झालंय?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवायला लागले. मध्यावर एक प्रकरण लागलं : अंध व्यक्तींपर्यंत माहिती कशी पोहोचवावी. छान रंगीत प्रकरण होतं. अण्णा आधी हसले, मग हसता हसता त्यांनी टेबलावर असा हात आपटला की पलीकडचा रिवायंडिंगवाला डोकावून गेला. "आमच्यावर पुस्तक काडलं आनि कुलूप आमालाच घातलं!" ते सगळं पुस्तक त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतलं, अंधांच्या ग्रुपवर पाठवलं आणि त्या पोर्टललाही धाडून दिलं. आत लिहिलेलं चांगलं आहे हे ते कबूल करायचे. "मानसं शाणी हाईत ओ. निस्ती आमी हाय, हे इसरत्यात."

एकदाच मी त्यांना हरलेलं पाहिलं. मुलगा पुण्याला. नात झाल्यापासून तो तिचे फोटो पाठवायचा, एकामागून एक, कोरे. अण्णा मला दाखवायचे आणि मी सांगायची : पालथी पडलीय, लाल झबलं आहे, खालचा दात दिसतोय. एके दिवशी त्यांनी मुलाला फोन केला. "बाळा, खाली चार अक्षरं लिव की रं." तिकडून तो घाईत म्हणाला, "अण्णा, बघून घ्या की कुणाकडून तरी." मुलगा वाईट नाही. हेच माझं डोकं फिरवतं, की यात वाईट कुणीच नाही. अण्णांनी फोन खाली ठेवला आणि गजाला हात लावून बसले. दुपारचे बारा वाजले होते, गज तापलेला होता.

आता सुनंदाचं सांगते.

नदीकाठच्या एका गावात, खालच्या गल्लीत, सुनंदा आणि तिचा नवरा शिवाप्पा राहायचे. दोघंही अंध, दोघंही आमच्या संस्थेचे. खुर्च्या विणून पोट भरायचे. त्या पावसाळ्यात पाणी चढायला लागलं आणि जिल्ह्याच्या सरकारी कचेरीतून गाव सोडायची सूचना निघाली. सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो. गावाच्या ग्रुपवर तो आला आणि तसाच पुढे पुढे गेला. खाली कुणी काही लिहिलं नाही, कारण फोटोत सगळं होतं. भोंगा लावलेली रिक्षा चौकापर्यंत फिरली. खालच्या गल्लीत पाणी आल्याने तिथून परतली. ज्यांनी वाचलं त्यांनी जनावरं सोडली आणि ट्रॅक्टर गाठला. शेजाऱ्यांना वाटलं, या दोघांना सुनंदाचा दीर नेईल. दिराला वाटलं, शेजारी नेतील. सुनंदाच्या फोनने सांगितलं, "फोटो." तिला वाटलं, असेल कुणाचं तरी फूल.

गल्ली फार गप्प वाटायला लागली म्हणून शिवाप्पा शेजारचं दार वाजवायला बाहेर पडला. दाराला कुलूप होतं आणि गल्लीत पाण्याला ओढ होती. तो परत आला नाही. सुनंदाला होडीवाल्यांनी माळ्यावरून उतरवून घेतलं. शिवाप्पा पाणी उतरल्यावर सापडला.

अण्णा आणि मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती एका शाळेच्या वर्गात भिंतीला टेकून बसली होती. तिने फोन पुढे केला. "अण्णा, ह्यात काय लिवलं हुतं ते वाचून घ्या की कुनाकडनं तरी."

मी "दे" म्हणत हात पुढे केला. अण्णांनी तो बाजूला सारला. "थांबा बाई. हे आपन वाचायचं न्हाई. ज्यानं धाडलंय तेनंच वाचायचं. हिच्याम्होरं." मग तिला म्हणाले, "सुनंदा, कुनाला दावू नगंस. पुसू पन नगंस. मी तुला तितं नेतो."

मला ते फार निर्दय वाटलं. आजही कधी कधी वाटतं. ती बाई महिनोन्महिने तो फोटो पदराआड घेऊन वावरली.

अण्णांची मागणी एका ओळीची होती : पुराच्या प्रत्येक सूचनेखाली तोच मजकूर टाइप करून पाठवा. अर्ज दिला. उत्तर आलं, 'मागणी विचाराधीन आहे.' तेही कागदाच्या फोटोत आलं! मी ते वाचून दाखवलं तेव्हा अण्णांच्या मानेची शीर उडताना मला दिसली.

मग त्या पोर्टलवाल्यांनीच विचारलं, आपण मोहीम चालवू या का? ऑनलाइन याचिका, एक बटण दाबलं की सही. व्हिडिओ कॉलवरच्या त्यांच्या बाई गोड होत्या. त्यांना सुनंदाचा फोटो हवा होता, पडक्या भिंतीजवळ, चेहरा नीट दिसेल असा.

"फोटो कशापायी? तिचं म्हननं लिवा," अण्णा म्हणाले.

"सर, लोकांपर्यंत पोहोचायला कहाणीला चेहरा लागतो."

"तिचा मानूस चेहऱ्यापायी न्हाई मेला ओ. अक्षरापायी मेला."

 शेवटी त्या बाईंनी कुठल्यातरी दुसऱ्याच, ओळखदेख नसलेल्या अंध बाईचं चित्र लावलं. याचिका जोरात चालली. कुठून कुठून सह्या आल्या, परदेशातूनही आल्या. सुनंदा म्हणाली, मलाबी सही करायचीय. आम्ही सगळे खोलीत तिच्याभोवती बसलो. तिने नाव भरलं, गाव भरलं, सगळं एकटीने. मग फोन म्हणाला, "तुम्ही यंत्र नसून माणूस असल्याची खात्री करा. सिग्नल असलेली चित्रं निवडा." आणि पुढे, "फोटो. फोटो. फोटो."

"काय इचारतोय त्यो, अण्णा?"

"तू मानूस हाईस का, इचारतोय."

"मग सांगा की, हाय म्हनून," सुनंदा म्हणाली.

 पलीकडे रिवायंडिंगवाल्याचं ग्राइंडर तेवढं किंचाळत होतं. आवाज ऐकवून खात्री करून घ्यायची सोय असते म्हणतात; या पानावर ती ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. सही तशीच राहिली.

मागणी होती तिथेच होती, पण सह्यांचा आकडा गाठला म्हणून मोहीम यशस्वी ठरली आणि वेबिनार झाला. अण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "याचिका आंधळ्यांची म्हनता न्हवं? तीत एका तरी आंधळ्याची सही हाय का, शोधून दावा मला."  मग संयोजक म्हणाले, "खूप प्रेरणादायी, सर," आणि पडद्यावर टाळ्यांची इमोजी-चित्रं उडायला लागली. नेमकी तेवढी चित्रं अण्णांच्या फोनला वाचता यायची. तो म्हणत राहिला, "टाळ्या वाजवणारे हात. टाळ्या वाजवणारे हात. टाळ्या वाजवणारे हात." अण्णांनी फोन बंद केला. "चला बाई. टाळ्या झाल्या. आता आपल्या पद्धतीनं."

आपली पद्धत म्हणजे कोल्हापूरची. इथे पाण्याचा नळ गळला तरी कृती समिती होते आणि मोर्चा निघतो. अण्णांनी टेलिफोन बोर्डावरच्या त्या जुन्या खणखणीत आवाजात एकेका सभासदाला फोन लावला. गगनबावड्यापासून शिरोळपर्यंतची माणसं. "घोषणा न्हाईत, झेंडं न्हाईत. फोन आनायचा, चार्ज करून. बास."

पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठकीच्या दिवशी ही सगळी मंडळी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून त्या कचेरीचा जिना चढली. शिपाई आडवा आला. अण्णा म्हणाले, "पावणं, बाजूला व्हा. मला तुमी दिसत न्हाई, पाय पडंल." तो झाला बाजूला.

साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी खुर्च्या आणायला सांगितल्या. म्हणाले, "काका, तुमची अडचण मला कळते. पण नुसतं टाइप केलेलं कुणीही पाठवतं. अफवा उठते. शिक्का दिसला की लोकांची खात्री पटते."

आणि ते खोटं नव्हतं. आपल्या लोकांना गोल शिक्का दिसल्याशिवाय पूरही खरा वाटत नाही.

"शिक्का ऱ्हाऊ द्या की सायेब," अण्णा म्हणाले. "शिक्क्याखाली चार अक्षरं लिवा." मग मागे वळून म्हणाले, "उघडा रं."

सगळ्यांनी कचेरीकडून वर्षभरात आलेल्या सूचना उघडल्या आणि आवाज मोठा केला. "फोटो," एक फोन म्हणाला. "फोटो," दुसरा म्हणाला. मग सगळेच, मागेपुढे, बाईच्या आवाजात, पुरुषाच्या आवाजात. फोटो, फोटो, फोटो. कोपऱ्यातले दोन कारकून आधी हसले. मग नाही हसले. अण्णांनी खणखणीत आवाजात "बास!" म्हटलं तेव्हा हॉल थांबला.

"सुनंदा, जा म्होरं."

ती टेबलाला चाचपत गेली आणि तिने फोन साहेबांसमोर धरला. "सायेब, माझा मालक गेला त्या दिशी तुमच्या हिथनं ह्यो आलता. अजून कुनी वाचला न्हाई मला. तुमी वाचा."

साहेबांनी फोन हातात घेतला. वाचायला लागले तेव्हा आवाज सरकारी होता. "पाण्याची पातळी वाढत असल्याने खालच्या गल्लीतील रहिवाशांनी ही सूचना मिळताच घर सोडावे." मग ते अडखळले. "वृद्ध व अपंग व्यक्तींना प्रथम हलवावे."

"असं हुतं व्हय त्यात," सुनंदा म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "परत एकदा वाचा की."

त्यांनी परत वाचलं. या वेळी मला शेवटच्या खुर्चीवर नीट ऐकू आलं नाही.

तोंडी आदेश तिथेच झाला, लेखी दुसऱ्या दिवशी निघाला. बाहेर आलो तेव्हा उन्हं कलली होती. अण्णांनी कचेरीच्या पायरीवरच डबा उघडला. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस खूश असेल. भाकरी मोडत ते एवढंच म्हणाले, "ह्येच्यासाठी त्यो मरायला पायजे हुता व्हय?"

त्या पावसाळ्यात शिक्क्याखाली अक्षरं आली. सुनंदा आता संस्थेच्या खोलीजवळ राहायला आली होती. ती प्रत्येक सूचना मोठ्याने लावायची, गल्लीत ऐकू जाईल अशी. पाण्याची पातळी, धरणाचे दरवाजे, सगळं.

मग साहेबांची बदली झाली. पुढच्या पावसाळ्यातली पहिली सूचना आली आणि अण्णांचा फोन म्हणाला, "फोटो."

आदेश कुणी रद्द केला नव्हता, कुणी विरोधही केला नव्हता. नुसते विसरले होते. मला आयुष्यात एवढा संताप कधी आला नाही. सरळ 'नाही देत जा' म्हणणारा माणूस समोर असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्या शुक्रवारी मी अण्णांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. ते शनिवार-रविवार गावी जायचे. मी तावातावाने बोलत होते. ते शांत होते, म्हणजे त्यांचा राग आता कामाला लागला होता. "सोमवारी जाऊया. नवीन सायेबांस्नी पन वाचाया येत असंल. सगळ्यांना कळवा, आनि फोन करून कळवा." कुरुंदवाडची गाडी लागली. पाठीमागून लोक ढकलत होते, ते ताठ चढले. खिडकीजवळ बसल्यावर त्यांनी गजाला हात लावला. "बाई, उजेड हाय का अजून?"

आभाळ भरून आलं होतं, पण होता. "आहे," मी ओरडले. त्यांनी मांडीवर डबा घेतला आणि गाडी निघाली.

रविवारी पहाटे झोपेतच ते गेले.

मला कळलं ते फोनवरूनच. मुलाने बनवून घेतलेलं चित्र होतं. कमळांची चौकट, मधे अण्णांचा हसरा फोटो, बाजूला दोन समया, आणि चित्रातच कोरलेली सुंदर, वळणदार अक्षरं : भावपूर्ण श्रद्धांजली. अंत्यविधीची वेळही त्यातच होती. पोराने कुणालाही वगळलं नव्हतं. अण्णांच्या फोनमधल्या सगळ्या ग्रुपवर ते चित्र गेलं होतं, आमच्या अंधांच्या ग्रुपवरही. ज्यांना ज्यांना बघता आलं त्यांनी त्याच्याखाली आपलंही एकेक चित्र टाकलं. फुलं, पणत्या, जोडलेले हात.

मी ते बघत बसले होते तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. आवाजात हसू होतं.

"ओ बाई, सकाळधरनं ग्रुपवर निस्तं फोटो फोटो चाललंय. कुनाचं लगीन हाय का काय? अण्णास्नी लावला तर उचलंनात. उचलू देत, मग बघा कशी हजेरी घेत्यात एकेकाची."

मी तिला सांगितलं.

 ती ओरडली. असा आवाज मी तिच्या तोंडून शिवाप्पाच्या वेळीही ऐकला नव्हता.

"मग चार अक्षरं लिवा की कुनीतरी!"

मी ग्रुप उघडला. सगळ्या फुलांच्या आणि पणत्यांच्या खाली गेले आणि लिहिलं :

अण्णा गेले.